कर्नलसाहेबांचं स्टॉपवॉच

सातारा जिल्ह्यातल्या फौजी गावांची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. आज ते गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. अशाच एका फौजी गावातली ही गोष्ट.

मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक कर्नल पुण्यात फ्लॅट न घेता गावी परतले. साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी, खडकवासला आणि डेहराडून करून अधिकारी झालेले, छातीवर सेना मेडल. गावात आल्यावर त्यांनी आधी गायरानावर टेप लावून चारशे मीटरचा फेरा मोजला, फक्की मारली आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना पहाटे पाचला मैदानावर बोलावलं. मदतीला होते गावचेच एक निवृत्त हवालदार. त्यांना सगळे आबा म्हणत.

भरतीत तेव्हा सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारले तर पूर्ण ६० गुण, पाच पंचेचाळीसपर्यंत ४८, त्यापुढे सरळ घरचा रस्ता. एका सेकंदावर पोराचं भवितव्य ठरायचं. स्टॉपवॉच कर्नलसाहेबांच्या हातात असे. चौथा फेरा संपला की ते वेळ वाचत आणि आबा वहीत लिहीत.

गावात दोन गट होते. सोसायटीच्या निवडणुकीपासून यात्रेच्या मानापर्यंत एकाही गोष्टीवर त्यांचं एकमत नव्हतं. पण मैदानावर दोन्हीकडची पोरं एका रांगेत उभी राहत. सरपंचांच्या पुतण्याला साहेबांनी ‘पाच बावन्न’ सांगितलं, तेव्हा तो मान खाली घालून पुन्हा पहिल्या फेऱ्याला लागला. मेंढपाळाच्या पोराला ‘पाच अठ्ठावीस’ सांगितलं, तेव्हा दोन्ही गटांच्या पोरांनी त्याला उचलून घेतलं. साहेबांनी सांगितलेली वेळ कुणी दुसऱ्यांदा विचारली नाही.

२०१९ ची विधानसभा निवडणूक आली. एका पक्षाचा उमेदवार साहेबांकडे आला. माणूस कामाचा होता. त्याने मांडलेले पाण्याचे आणि रस्त्यांचे प्रश्न साहेबांना मनापासून पटले. त्याने विनंती केली, “साहेब, प्रचारसभेला तुम्ही बोला. मेडल लावून या.” साहेबांनी होकार दिला.

आबांना कळलं, तसे ते संध्याकाळी वाड्यावर आले.

“साहेब, त्याला मत द्या, त्याचा प्रचार करा. पण मेडलं घरी ठेवा.”

“का म्हणून, आबा? नोकरीत होतो तोवर आर्मी रूल्सनं राजकीय सभेला जायलासुद्धा बंदी होती. ती मी पाळली. तीस वर्षांहून जास्त तोंड बंद ठेवलं. आता मी नागरिक आहे. नागरिकानं बोलायचं नाही?”

“बोलायचं की. कोण नको म्हणतंय?”

“आणि मी काय पहिला आहे? जनरल करिअप्पा १९७१ ला मुंबईतून लोकसभेला उभे राहिले. जनरल व्ही. के. सिंग २०१४ ला गाझियाबादेतून निवडून आले.”

“ते उभे राहिले, साहेब. उमेदवार झालं की माणूस लोकांच्या तावडीत सापडतो. लोकांनी एकाला पाडलं, एकाला निवडून दिलं. हिशेब तिथंच मिटला. तुम्ही उभे राहत नाही. तुम्ही नुसतं मेडल घेऊन शेजारी उभे राहणार. मग लोकांनी तोलायचं कुणाला, तुम्हाला की पलटणीला?”

साहेब गप्प राहिले. आबा पुढे म्हणाले, “औंदा एप्रिलमधलं ते पत्र आठवा. फौजेला राजकारणात ओढू नका, असं माजी सैनिकांच्या नावानं राष्ट्रपतींना लिहिलेलं. मागणी रास्त होती. पण दोन माजी प्रमुखांनी ‘आम्ही सही केलीच नाही’ म्हणून सांगितलं, आणि मुद्दा राहिला बाजूला. कोण कुठल्या बाजूचा, एवढंच टीव्हीवर चाललं. चांगल्या मागणीची ही गत, तर प्रचाराच्या भाषणाचं काय होईल?”

पण साहेबांनी शब्द दिला होता. ते सभेला गेले. ब्लेझरवर मेडलं होती. बाजारपेठेत त्यांचा वर्दीतला फोटो असलेला फ्लेक्स लागला होता. सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नका, असं निवडणूक आयोगाने त्याच वर्षी मार्चमध्ये सर्व पक्षांना बजावलं होतं, पण ते पाहतो कोण? भाषण रंगलं. टाळ्या वाढल्या, तसा साहेबांचा आवाजही चढला आणि शेवटी ते बोलून गेले, “सीमेवरचा प्रत्येक जवान आज आमच्या बाजूनं उभा आहे. जो आमच्या विरोधात, तो जवानाच्या विरोधात!”

समोर बसलेल्यांत दुसऱ्या गटाचे कितीतरी माजी सैनिक होते. काहींची मुलं त्या घडीला सीमेवर होती. ते एकेक करून उठले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर निम्मीच पोरं आली. दुसऱ्या गटातला एकच मुलगा होता. तो जीव तोडून धावला. साहेबांनी वेळ वाचली, “पाच अठ्ठेचाळीस.”

पोरगा धापा टाकत उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, घड्याळ दाखवा.”

साहेबांनी स्टॉपवॉच पुढे केलं. आकडा बरोबर होता. तरी पोरगा म्हणाला, “सुरू कधी केलं, ते मी कुठं पाहिलंय?” आणि चप्पल घालून निघून गेला.

दुसऱ्या पक्षानेही वेळ दवडला नाही. शेजारच्या तालुक्यातले एक निवृत्त ब्रिगेडियर त्यांनी आपल्या सभेला आणले. त्यांनीही मेडलं लावली होती आणि जवान कुणाच्या बाजूने आहे ते तितक्याच ठामपणे सांगितलं. मग पारावर चर्चा सुरू झाली की ब्रिगेडियर मोठा की कर्नल, कुणाची मेडलं खरी, कुणाची लढाई मोठी. पाणी आणि रस्ते कुणाच्या तोंडी उरले नाहीत.

निकाल लागला, गुलाल उधळला गेला. मैदान मात्र दुभंगलं ते दुभंगलंच. दुसऱ्या गटाने नदीकाठी आपली वेगळी धावपट्टी आखली. तिथे शिकवायला जाणता माणूस नव्हता. फेरा कमी भरला होता, त्यामुळे घरी पाच चाळीसला येणारी पोरं भरतीत बाद झाली. साहेबांना हे कळलं, तेव्हा ते रात्रभर झोपले नाहीत.

पुढच्या ग्रामसभेत ते उठून उभे राहिले. “त्या सभेत मी दोन गोष्टी बोललो,” ते म्हणाले. “एक, मला अमुक उमेदवार पटतो. ते माझं मत आहे, मी ते मागे घेत नाही. दुसरी, फौज आमच्या बाजूची आहे. ते बोलायचा मला अधिकार नव्हता. फौजेनं मला वकीलपत्र दिलेलं नाही. तेवढं मी मागे घेतो.” त्याच दिवशी त्यांनी स्टॉपवॉच दोन्ही गटांच्या दोन पोरांकडे सोपवलं आणि नदीकाठचा फेरा स्वतः टेप लावून नीट मोजून दिला.

तुटलेलं लगेच जुळलं नाही. मध्ये करोनात भरती थांबली, २०२२ ला अग्निपथ योजना आली, तेव्हा कुठे काही पोरं हळूहळू परतली. काही परतलीच नाहीत.

२०२४ च्या निवडणुकीत साहेबांनी पुन्हा त्याच उमेदवाराचा प्रचार केला. या वेळी अंगात साधा शर्ट होता, पत्रकावर हुद्द्याशिवाय नुसतं नाव होतं आणि दारोदार पायपीट होती. एका ओसरीवर एका म्हाताऱ्याने त्यांना तासभर धारेवर धरलं. पाच वर्षांत तुमच्या माणसाने काय केलं, कॅनॉलचं पाणी टेलला का पोचत नाही, असं एकेक विचारलं. साहेबांनी जमेल तशी उत्तरं दिली, जिथे उत्तर नव्हतं तिथे तसं सांगितलं. बाहेर पडताना आबा म्हणाले, “साहेब, मेडल असतं तर हा म्हातारा एक शब्द बोलला नसता. सॅल्यूट ठोकून गप्प बसला असता.”

तात्पर्य : निवृत्त अधिकाऱ्याला इतरांइतकंच मत आहे, आणि ते त्याने उघड मांडावं. निवडणूक लढवावीशी वाटली तर जरूर लढवावी. पण हुद्दा आणि पदकं ही एकट्याची कमाई नाही. त्यात बरोबर लढलेल्यांचा घाम आहे, न परतलेल्यांचं रक्त आहे, आणि सगळ्या पक्षांच्या घरांतून आलेल्या जवानांचा वाटा आहे. ती प्रचारात उतरवली की समोरचा नागरिक प्रश्न विचारायचा थांबतो, आणि फौजेवरचा सगळ्यांचा विश्वास एका गटाचा होऊन बसतो. म्हणून ज्यांनी वर्दी घातली, त्यांनी मत स्वतःच्या नावाने मागावं. आणि आपण मतदारांनी व्यासपीठावरच्या पदकांना मान जरूर द्यावा, पण मत देताना उमेदवाराचं कामच पाहावं.