बघणाऱ्याचा वाटा

अन्याय करणारा दोषी, याबद्दल कुठल्याही धर्मात दुमत नाही. अन्याय उभा राहून बघणाऱ्याचं काय, हा प्रश्न मात्र अवघड आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने तो एका शॉटमध्ये विचारला आणि त्याच शॉटमध्ये त्याचं उत्तरही दिलं, असं माझं म्हणणं आहे. 14 फेब्रुवारी 2014 ला प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाची गोष्ट नगरजवळच्या अकोळनेरात घडते. वरवर पाहता ती शाळकरी प्रेमाची आणि बरीचशी गमतीची आहे. कैकाडी समाजातला जब्या वर्गातल्या शालूवर जीव टाकतो आणि तिला वश करायला काळ्या चिमणीची राख हवी म्हणून गलोल घेऊन रानोमाळ हिंडतो. अशा गोष्टीत नायकाचा प्रतिस्पर्धी ठरलेला असतो. इथेही जब्याला पाण्यात पाहणारी, येता-जाता डिवचणारी वरच्या जातीची पोरं आहेत. शेवटापर्यंत भांडण त्यांच्याशीच आहे असं वाटत राहतं.

मग जब्याचा बाप कचरू सगळ्या घराला घेऊन शाळेजवळ डुक्कर धरायला उतरतो. पोरं बघायला जमतात, त्यांत शालूही असते. जब्या लाजेने आडोशाला लपतो. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि टप्प्यात आलेलं डुक्कर निघून जातं. पुढे तेच डुक्कर काठीला टांगून हे कुटुंब शाळेच्या भिंतीजवळून जातं. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले आहेत. टवाळी थांबत नाही, तेव्हा जब्या दगड उचलतो. त्याने भिरकावलेला शेवटचा दगड थेट कॅमेऱ्यावर येतो आणि चित्रपट तिथेच संपतो. एवढा वेळ टवाळखोरांची असलेली जागा त्या क्षणी प्रेक्षकाची होते. जब्याचा सामना दोन-चार पोरांशी नव्हताच. आपली फजिती ज्यांना तमाशा वाटते, त्या सगळ्या नजरांशी होता.

यावर कोणी म्हणेल, हा दगड अन्यायाचा आहे. तिकीट काढून आलेला, जब्यासाठी हळहळणारा प्रेक्षक गावगुंडांच्या रांगेत कसा बसतो? पण दिग्दर्शकाने आधी काय केलं ते पाहावं. डुकरामागची धावपळ आणि राष्ट्रगीताने झालेली पंचाईत त्याने अशी रचली आहे की पाहणाऱ्याला हसू यावं. त्याच दृश्याला बांधावरची पोरंही हसत असतात. हळहळ आणि हसू एकाच माणसात एकाच वेळी नांदू शकतात, हे दाखवून झाल्यावरच दगड येतो. हळहळ खोटी आहे असं तो म्हणत नाही. तेवढ्याने हिशेब फिटत नाही, एवढंच तो बजावतो.

दुसरा आक्षेप तत्त्वज्ञानाचा आणि जास्त वजनदार आहे. आपल्या परंपरेत साक्षी हा निर्लेप मानला आहे. सांख्यकारिकेत प्रकृती ही रंगमंचावरची नर्तकी आणि पुरुष हा नुसता पाहणारा. अकोळनेरच्याच जिल्ह्यात नेवाशाला 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचं जे निरूपण केलं, त्यातही अलिप्तपणाची थोरवी आहे. मग बघण्याला पाप कसं चिकटेल? याचं उत्तर असं, की तो साक्षीभाव स्वतःच्या सुखदुःखांकडे, स्वतःच्या अहंकाराकडे बघण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या विटंबनेपुढे हात बांधून उभं राहण्याची मुभा त्यातून निघत नाही. महाभारताने हा भेद सभापर्वातच स्पष्ट केला आहे. द्रौपदीच्या प्रश्नावर सभा गप्प बसते तेव्हा विदुर पापाची वाटणी सांगतो: निंद्य कृत्याची निंदा होत नाही तिथे अर्धं पाप सभेतल्या श्रेष्ठाला, चतुर्थांश करणाऱ्याला आणि उरलेला चतुर्थांश गप्प बसलेल्या सभासदांना. करणारा आणि बघणारा यांचा वाटा सारखा धरला आहे, हे इथे नीट लक्षात घ्यायला हवं.

ही वाटणी पोथीपुरती नाही. चित्रपट लागून अडीच महिने होत नाहीत तोच, 28 एप्रिल 2014 ला, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून त्याला मारल्याचा आरोप होता. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि 2017 मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. न्यायालयापुढे जेवढं येतं तेवढ्यावरच निकाल लागतो. बघितलेलं सांगायला कोणी उभं राहिलं नाही, तर न्यायाचे हात रिकामे राहतात. म्हणून बघणं ही कृतीच आहे, आणि तिचं पाप-पुण्य पुढे काय बोललं जातं यावर ठरतं. जब्याचा दगड मागतो ती दया नव्हे. तो साक्ष मागतो, आणि ती देणं हा धर्मच आहे.