उलटलेले दुखणे

दुखणे पहिल्याने येते तेव्हा मुलांचे कर्तव्य स्पष्ट असते. वैद्य गाठावा, औषध आणावे, उशाशी बसावे. त्या वेळी विचाराला फारसे स्थान नसते, आणि नसते हेच बरे. कारण विचारापेक्षा धावपळ तेव्हा अधिक उपयोगी पडते. परंतु तेच दुखणे काही वर्षे दबून राहून पुन्हा उलटले, म्हणजे घरात एक निराळाच प्रश्न येऊन बसतो. आता आणखी काय करावे, आणि कोठवर करावे? एक पक्ष म्हणतो, आईबापांसाठी घरदार विकावे लागले तरी मागे पाहू नये. दुसरा म्हणतो, वय झाले आहे, आता देवावर हवाला ठेवून त्यांना स्वस्थ पडू द्यावे. दोन्ही पक्ष प्रेमानेच बोलत असतात, म्हणूनच त्यांतून निवड करणे कठीण जाते. हा प्रश्न काही वर्षांपूर्वी आमच्या घरात उभा राहिला. त्या निमित्ताने आम्हांस जे सुचले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचे वडील धुळ्यास आमच्याजवळ राहत. थोरले बंधू जळगावी असतात. वडिलांच्या रोगाचे नाव मल्टिपल मायलोमा. हाडांच्या आत जी मज्जा असते तीत प्लाझ्मा नावाच्या पेशी असतात व रोगजंतूंशी झगडणारी द्रव्ये तयार करणे हे त्यांचे काम. या रोगात त्यांपैकी एकाच कुळीच्या पेशी बेसुमार माजतात. हाडे पोखरली जातात, रक्त उतरते, मूत्रपिंडांवर ताण पडतो. पुष्कळदा रोगी कंबरदुखीची तक्रार घेऊन येतो आणि कित्येक महिने ती वातावर ढकलली जाते. औषधांनी हा कर्करोग मागे हटतो, कित्येकांत वर्षानुवर्षे हटून राहतो; परंतु बहुधा तो समूळ जात नाही, आणि दर खेपेस मधला विसावा साधारणतः आखूड होत जातो. वडिलांना साडेतीन वर्षांचा विसावा मिळाला. मग कंबर पुन्हा दुखू लागली.

आम्ही दोघा भावांनी शोध आरंभिला. धुळ्याहून आग्रा रस्त्याने मुंबई सुमारे सव्वातीनशे किलोमीटर, जळगावाहून आगगाडीने सुमारे सव्वाचारशे. कागदांची पिशवी घेऊन खानदेशातील किती घरे ही वाट तुडवीत असतील, याची कल्पना आम्हांस परळच्या टाटा रुग्णालयाच्या दारात आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आली. तेथे अहिराणी बोलणारी माणसे एकमेकांस तपासण्यांचे आकडे विचारीत होती. हे रुग्णालयही अशाच एका घरच्या दुःखाशी जोडलेले आहे. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने परदेशी वारल्या; त्या काळी पैशाला मिळू शकणारा कोणताही उपचार त्यांच्या पतीस, सर दोराबजी टाटांस, अशक्य नव्हता. पुढच्याच वर्षी तेही वारले. त्यांच्या मागे त्यांच्या विश्वस्त निधीतून १९४१ साली परळचे रुग्णालय उघडले.

तेव्हा, जो म्हणतो की शोध करणेच व्यर्थ, त्याचे म्हणणे आम्हांस मान्य नाही. थॅलिडोमाइड या औषधाची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. १९५७ साली जर्मनीत ते झोपेचे औषध म्हणून विकू लागले. गरोदर स्त्रियांनी ते घेतल्यामुळे हजारो अर्भके अपंग जन्मली, आणि १९६१ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावे लागले. पुढे कित्येक वर्षांनी अमेरिकेत एका तरुण डॉक्टराला मायलोमाने गाठले. सर्व उपाय थकले तेव्हा त्याच्या पत्नीने ठिकठिकाणच्या विद्वानांचे दार ठोठावले. बॉस्टनच्या डॉ. ज्यूडा फोकमन यांनी तिला हेच बदनाम औषध सुचविले, आणि आर्कन्सॉ येथील डॉ. बार्ट बार्लोगी यांनी ते देऊन पाहिले. तिच्या पतीस गुण आला नाही; तो गेला. परंतु त्याच्यामागून ज्यांना ते दिले त्यांतील काहींना आला. १९९९ साली डॉ. सीमा सिंघल व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात ८४ रोग्यांचा वृत्तान्त आहे. इतर उपचारांना न जुमानणाऱ्या त्या रोग्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांत रोग हटला. त्याच औषधाच्या जातीतून पुढे लेनालिडोमाइड निघाले, आणि आपल्याकडील कारखान्यांनी ते पुष्कळ स्वस्तात तयार केले. आमच्या वडिलांना पहिल्या खेपेस दिलेल्या गोळ्या त्याच होत. त्यांच्या साडेतीन वर्षांत त्या परक्या बाईच्या हट्टाचाही वाटा होता.

परंतु शोध करावा हे ठरले म्हणून तो कसा करावा हे ठरत नाही. आम्ही जो केला त्यात एक खोट होती. आपल्याकडे पितृऋण नावाची एक कल्पना आहे, आणि ऋण म्हटले की ते फेडण्याची भाषा येते. बंधू जळगावकडील केळीची जमीन विकण्याची गोष्ट बोलू लागले. २०१२ साली शासनाची जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत धुळे होते. आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या त्या योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आहे. तिचा आधार मोठा खरा, तरी प्रत्येक नवे औषध तीत बसतेच असे नाही. म्हणून जमिनीची गोष्ट निघाली. आम्ही तिला विरोध केला नाही. कारण विरोध करणारा मुलगा कंजूष ठरतो. आता मागे वळून पाहता वाटते, की त्या दिवसांत आम्ही वडिलांचे आयुष्य मोजीत नव्हतो, आपले कर्तव्य मोजीत होतो. पुढे मनाला टोचणी लागू नये, भाऊबंदांनी बोट दाखवू नये, यासाठी किती खर्च पुरेसा होईल याचा तो हिशेब होता.

आणि हे सर्व वडिलांच्या पाठीमागे चालले होते. रोग उलटला हे आम्ही त्यांना सांगितलेच नव्हते. हाडे ठिसूळ झाली आहेत, एवढेच सांगितले होते. बहुतेक घरांत असेच करतात आणि त्याला माया म्हणतात. एके रात्री मुंबईहून परतलो तेव्हा ते जागेच होते. कागदांची पिशवी हातातून घेऊन ती न उघडताच त्यांनी बाजूस ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही दोघे कुठे कुठे विचारून आलात. मला मात्र कोणी विचारलं नाही." त्यांना सारे कळलेले होते. पहिल्या खेपेचे अहवाल त्यांनी स्वतः वाचले होते. नवे आकडे वाचणे त्यांना अवघड नव्हते.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे प्रत्येक धुळेकर अभिमानाने सांगतो. त्याच विनोबांनी पन्नास वर्षांनी, हृदयविकाराचा झटका आल्यानंतर, पवनार येथे अन्न, पाणी व औषध घेणे थांबविले आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी देह ठेवला. उपचार थांबवावेत असे म्हणणारे हे उदाहरण नेहमी देतात. आमच्या मते त्यातून घ्यावयाचे ते निराळे आहे. तो निर्णय विनोबांचा होता, त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी केलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयानेही ९ मार्च २०१८ च्या निकालात हेच तत्त्व मान्य केले, की जाणत्या माणसास उपचार नाकारण्याचा अधिकार आहे. ज्याला नाकारण्याचा अधिकार आहे त्याला आधी माहिती मिळण्याचा अधिकार असलाच पाहिजे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. विनोबांच्या नकारात कोणाच्या पदरच्या खर्चाची काळजी मिसळलेली नव्हती. घरातल्या वडिलांचा नकार तसा निर्मळ असेलच असे नाही. 'मला आता काही नको' असे म्हणणाऱ्या बापाच्या मनात नातीचे शिक्षण असते, मुलाचे कर्ज असते. त्यांना नुसते विचारावे, तर ते आपल्या सोयीचे उत्तर न देता मुलांच्या सोयीचे देतील. म्हणून विचारण्यापूर्वी पुष्कळ काही सांगावे लागते: पैसा किती व कोठून येणार, कोणते औषध काय देईल व काय घेईल, कोणत्या मार्गात घराबाहेर किती दिवस जातील. आणि उत्तर मिळाल्यावरही काही दिवसांनी पुन्हा विचारावे लागते, कारण आजारी माणसाला मत बदलण्याची मुभा असावी.

आमच्यापुढे दोन मार्ग होते. एक मुंबईचा, नव्या इंजेक्शनांचा, प्रारंभी दर आठवड्यास जाण्याचा, अधिक आशेचा. दुसरा धुळ्यातच घेता येईल अशा सौम्य गोळ्यांचा, कमी आशेचा. आम्ही दोन्ही मार्ग त्यांच्यापुढे मांडले आणि जमिनीची गोष्टही लपविली नाही. ते दोन दिवस काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "मुंबईला गेलो तर महिन्यातले किती दिवस घरी असेन?" आम्ही खरे ते सांगितले. त्यांनी धुळे निवडले. आठवड्याने आम्ही पुन्हा विचारले. उत्तर तेच होते.

ते पुढे अकरा महिने होते. शेवटच्या दोन महिन्यांत वेदना होत्या. त्या कमी करण्याची औषधे चालू होती, आणि तीही उपचारातच मोडतात हे आम्ही तेव्हा शिकलो. मुंबईस नेले असते तर ते आणखी जगले असते काय, याचे उत्तर आम्हांजवळ नाही. बंधूंना अजूनही वाटते की नेले असते तर बरे झाले असते, आणि आम्ही त्यांना खोटे ठरवू शकत नाही. आम्हांस खंत आहे ती निराळी. रोग उलटल्यानंतरच्या पहिल्या सात आठवड्यांत आम्ही नाशिक पाहिले, मुंबई पाहिली, ओळखीच्या प्रत्येक डॉक्टरास गाठले. आणि घरातल्या घरात, पलीकडच्या खोलीत, जाण्यास मात्र आम्हांस सात आठवडे लागले.