तो खुनी असता तर?

आल्फ्रेड हिचकॉकचा 'द लॉजर' (1927) हा मूकपट संपतो तेव्हा हायसं वाटतं. मला त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटते.

लंडनमध्ये दर मंगळवारी एका सोनेरी केसांच्या मुलीचा खून होतोय. अशात धुक्यातून एक देखणा, अबोल तरुण बंटिंग कुटुंबाकडे येतो आणि वरची खोली भाड्याने घेतो. वर तो सारख्या येरझाऱ्या घालतो. मूकपटात पावलं ऐकू येणार कशी? म्हणून हिचकॉकने जाड काचेवर त्याला चालवून खालून चित्रण केलं. घरमालकिणीसोबत आपणही छताकडे बघत संशय घेऊ लागतो. शेवटी बेड्या घातलेला तो पळताना लोखंडी कुंपणाच्या गजांत अडकून लोंबकळतो, आणि जमाव त्याच्यावर तुटून पडतो. पण खरा खुनी दुसरीकडे सापडलेला असतो. हा तर त्याच खुन्याच्या मागावर होता. पहिला बळी याचीच बहीण.

मेरी बेलॉक लाउंड्सच्या मूळ कादंबरीत (1913) अशी सुटका नाही. तिथे संशय खरा ठरतो. मिसेस बंटिंगला ते उमगतं, तरी ती गप्प राहते. त्याच्या भाड्यावर घर चालतंय, आणि तिला त्याची कीवही येते. या कीवेची किंमत मात्र इतर बायका जीव देऊन मोजतात, म्हणून मी तिच्या बाजूनेही उभा राहू शकत नाही.

सिनेमात तो निर्दोष झाला, कारण भूमिकेत आयव्हर नोव्हेलो होता. लाडक्या नटाला खुनी दाखवणं परवडणार नव्हतं. (स्टार सिस्टिम तेव्हाही होतीच.)

पण मग जमाव थांबतो कशामुळे? मारणं चूक आहे म्हणून नव्हे, माणूस चुकला म्हणून. मॉब लिंचिंगची बातमी वाचून आपणही आधी हेच विचारतो: त्याने खरंच केलं होतं का? 'बिचारा निर्दोष होता' म्हणताना दोषी असता तर चाललं असतं, ही सूट आपण नकळत देऊन टाकतो. कुणी म्हणेल, त्या काळी कोर्टानेही खुन्याला फाशीच दिली असती. खरंय. पण कोर्टात आधी कुणाला तरी त्याचं ऐकून घ्यावं लागलं असतं.

कादंबरीतला भाडेकरू शेवटी नाहीसा होतो, जमावाच्या हाती लागतच नाही. लाउंड्सला हा प्रश्न सोडवावा लागला नाही. हिचकॉकलाही नाही, त्याच्याकडे नोव्हेलोचा चेहरा होता.