रिकामी धावणारी गाडी

गतकाळाविषयीची हुरहूर ही फारशी विश्वासार्ह भावना नव्हे. मनुष्य पुष्कळदा आपल्या सरलेल्या तारुण्यासाठी झुरत असतो आणि नाव मात्र एखाद्या जुन्या वस्तूचे घेतो. सोलापुरातील सिटी बसविषयी आज जी हळहळ ऐकू येते तीही याच जातीची आहे काय, हे म्हणूनच तपासून पाहिले पाहिजे.

महापालिकेच्या परिवहन उपक्रमाच्या गाड्या वर्षानुवर्षे घटत गेल्या. केंद्राच्या नागरी योजनेतून २०१४ च्या सुमारास नव्या गाड्या आल्या. त्यांतील अनेकींच्या सांगाड्यांना तडे गेले. मोकळी झालेली जागा रिक्षांनी घेतली. यावर आक्षेपक म्हणेल, "मग शोक कशाचा? त्या बसमध्ये गर्दी नव्हती काय? ती नेहमी वेळेवर येत असे काय?" आक्षेप खरा आहे, जुन्या बसला देव्हाऱ्यात बसविण्याचे कारण नाही.

तथापि दोहोंत एक नैतिक भेद उरतोच. वाटणीची रिक्षा भरली म्हणजे निघते. बस वेळ झाली म्हणजे निघावयाची असते. रिक्षावाल्याला दोष नाही, त्याचे पोटच त्या भाड्यावर आहे. परंतु अर्धी रिकामी असूनही निघणारी गाडी हे नगराने नागरिकाला दिलेले वचन होय. हिशेबाच्या वहीत ज्याला आपण तोटा म्हणतो, त्याचा काही भाग या वचनाचे मोल असतो. सगळा मात्र नव्हे; गैरव्यवस्था वचनाच्या पांघरुणाखाली झाकणे हा निराळाच अपराध.

हे तत्त्व जुने आहे. १६६२ साली तत्त्वज्ञ पास्कल याच्या कल्पनेतून पॅरिसमध्ये पाच सू भाड्याच्या घोडागाड्या सुरू झाल्या. प्रवासी नसला तरी गाडीने ठरल्या वेळी निघावे, असा त्यांचा नियमच होता. परंतु तेथील न्यायसभेने शिपाई, नोकरचाकर व मजूर यांना त्यांत बसण्याची मनाई केली, आणि ज्यांना गाडीची खरी गरज तेच बाहेर राहिले.

सोलापुरात अशी मनाई कोणी केलेली नाही. मात्र याच काळात श्रमिकांची घरे शहरापासून दूर गेली. कुंभारीला विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांचे गोदूताई परुळेकर घरकुल उभे राहिले. तेथेच रे नगरातील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या हाती आली. घर मिळणे ही मोठीच गोष्ट. परंतु तेथील एखाद्या स्त्रीला आजारी मुलाला घेऊन शहरातील दवाखाना गाठावयाचा असेल, तर भरवशाच्या बसवाचून तिच्यापुरते शहराचे दार लोटलेलेच राहते. हुकूम न काढताही मनाई होऊ शकते ती अशी.

तेव्हा हळहळीची कसोटी एकच: गेलेल्या वस्तूवाचून आज कोणाचे अडते? कोणाचेच अडत नसेल, तर ती केवळ आपल्या तारुण्याची आठवण आहे; ती खुशाल जपावी. परंतु दुसऱ्याचे अडत असेल, तर तिला आठवण म्हणणे ही पळवाट ठरते. ते आपल्या सर्वांच्या डोक्यावरचे ऋण आहे. आणि ऋणाची नुसती आठवण काढून भागत नाही, ते फेडावे लागते.