शंका आणि सोय

पृथ्वी माणसाच्या करणीमुळे तापत आहे काय, या वादात शंकेखोराला मूर्ख ठरवून मोकळे होणे आम्हांला मानवत नाही. अमेरिकेतील बर्कली येथील भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड मुलर हे असेच एक शंकेखोर. वाढत्या शहरांच्या उष्म्याने तापमानाचे आकडे फुगले असावेत, असा त्यांना संशय होता. पण ते संशयापाशी थांबले नाहीत. २०१० साली त्यांनी ‘बर्कली अर्थ’ हा प्रकल्प उभारला आणि जुन्या नोंदी नव्याने तपासल्या. खर्चाचा काही वाटा तेलव्यवसायातील चार्ल्स कोक यांच्या प्रतिष्ठानाने उचलला होता, हे विशेष! शहरांपासून दूरची ठाणी वेगळी काढली तरी वाढ तशीच दिसली : अडीचशे वर्षांत जमिनीवर सुमारे दीड अंश सेल्सिअस. २०१२ साली मुलर यांनी आपले मत बदलल्याचे जाहीर केले. ही वाढ जवळजवळ संपूर्णपणे मानवनिर्मित आहे, असे त्यांनी लिहिले.

निकाल काहीही लागो, आपण तो मानू, असे आधी म्हणणाऱ्या एका प्रसिद्ध टीकाकाराने मात्र निकाल येताच त्याच्या पद्धतीत दोष काढले.

खरे सांगायचे तर, हा दुसरा गृहस्थ आम्हांला अधिक ओळखीचा वाटतो. मुलर यांचा निष्कर्ष मानला, की गाडी, वीज, लग्नकार्यातील थाट हे सारे हिशेबात घ्यावे लागते. ‘शास्त्रज्ञांतच मतभेद आहेत’ असे म्हटले, की तो हिशेब लांबणीवर पडतो. मुलरांनी निदान नोंदी उघडल्या. आम्ही कोणती उघडली?