चकाकीची किंमत

बाह्य शोभा ही सत्याची सखी कीं वैरीण, हा वाद पुरातन आहे. त्याचा विचार करण्यास ग्रंथालयापेक्षां नगरांतील एखादें गॅरेज अधिक सोयीचें, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे.

अहमदनगर, म्हणजे आतांचा अहिल्यानगर, हा जिल्हा बहुतांशीं पर्जन्यछायेंतला. धुळीस येथें तोटा नाहीं. मोटारीवरची धूळ कोरड्या फडक्यानें पुसली कीं तिचे कण रंगावर बारीक रेघा ओढतात, आणि उन्हांत त्यांचें कोळ्याच्या जाळ्यासारखें चक्र दिसूं लागतें. मग गाडीस बफिंग मशीन लावतात. विजेवर गरगरणारी ती मऊ चकती पॉलिश घेऊन पत्र्यावर फिरते आणि थोड्याच वेळांत त्यांत आभाळाचें प्रतिबिंब पडतें.

पाहणारास वाटतें, गाडीवर कांहीं चढलें. वस्तुतः कांहीं उतरलेलें असतें. रंगावरील पारदर्शक लॅकरचा थर साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग. बफिंगनें रेघ भरून येत नाहीं. भोंवतालचा थर तिच्या तळापर्यंत झिजवला जातो, म्हणून ती नाहींशी होते. चकाकी ही मिळकत नव्हे. तो मुद्दलांतून केलेला खर्च होय.

दुसरा उपाय मेणचट पॉलिश चोळून रेघा बुजविण्याचा. गाडी चार वेळां धुतली कीं त्या पुन्हा वर येतात. पण तोंवर गाडी विकली गेलेली असते. यावरून बुजविणारा लबाड व घासणारा सच्चा, असा निकाल कोणी देईल. तो पुरा नव्हे. घासणारानें दोष खरोखर काढला, तरी थर किती उरला हें ग्राहकाच्या डोळ्यांस दिसत नाहीं. ग्राहकानें पारखून घ्यावें म्हणावें, तर जाडी मोजण्याचें उपकरण त्याच्या खिशांत नसतें. तेव्हां दोष चकाकींत नाहीं, विकणाराच्या मौनांत आहे. “गाडी दोनदां घासून झाली आहे,” एवढें जो सांगतो, त्याची चकाकी प्रामाणिक.

याच शहरांत १९९४ पासून रणगाड्यांचें संग्रहालय आहे. तेथील जुन्या रोल्स-रॉईस चिलखती गाडीपाशीं नव्या गाडीचा तुकतुकीतपणा कोणी मागत नाहीं. तिचें वय हाच तिचा मान. वय उघड असलें म्हणजे फसवणुकीस जागा राहत नाहीं.

गाडीचा सौदा फसला तर पैसा बुडतो. परंतु मुलामुलींचीं लग्नें जुळवितांना आपण सुशिक्षित माणसें आजार, कर्ज, मोडलेलें पूर्वीचें लग्न यांवर असाच हात फिरवितों, आणि त्यास व्यवहार म्हणतों. तेथें झिजणारा थर विश्वासाचा असतो, आणि तो दुसऱ्याच्या आयुष्यांतून जातो. एखादी रेघ राहूं द्यावी, आणि ती आपण होऊन दाखवावी. यांत कमीपणा नाहीं.