मोरीत ओतण्याआधी

परवा तुम्ही सहा-सात जण अंजनवेलला आलात, माझ्या पडवीत बसलात, पाया पडलात, पेढे ठेवलेत. बरं वाटलं. पण चहा घेता घेता तुमच्यातला एक जण म्हणाला, "सर, खाडीचं एवढं मनाला लावून घेऊ नका. केमिकल म्हटलं की थोडंफार व्हायचंच." बाकीच्यांनी माना डोलावल्या. घरात तुमची बायकामुलं बसली होती म्हणून तेव्हा मी त्यावर काही बोललो नाही. आज लिहितो. शेवटपर्यंत वाचा.

'थोडंफार' हा शब्द रसायनशास्त्रात कधीपासून आला? मी तर तो शिकवला नव्हता. ब्युरेटमधून एक थेंब जास्त पडला की चंबूतला फिकट गुलाबी रंग एकदम गडद व्हायचा आणि मी अख्खा प्रयोग पुन्हा करायला लावायचो. तुम्ही रडकुंडीला यायचात. प्रयोग संपल्यावर उरलेलं आम्ल तसंच मोरीत ओतायला परवानगी नव्हती. आधी धुण्याचा सोडा, मग लिटमस, आणि निळा लिटमस निळाच राहिला तरच मोरी. त्या मोरीचं पाणी शाळेमागच्या एका माडाच्या आळ्यात जायचं. एका माडासाठी पाळलेली शिस्त वाशिष्ठीच्या खाडीसाठी पाळता येत नाही?

लोट्याच्या ज्या केमिकल कारखान्यांच्या वसाहतीत तुम्ही नोकरी करता, तिचं सांडपाणी करंबवण्याजवळ खाडीत येतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पुढे ते ओहोटीबरोबर खाली दाभोळ-अंजनवेलकडे सरकतं आणि भरतीबरोबर त्यातलं बरंचसं पुन्हा वर जातं. गटारातलं पाणी एकदा गेलं की गेलं. खाडीतलं दिवसातून दोनदा मागे फिरतं. गोपाळगडाच्या पायथ्याशी खेळून मोठ्या झालेल्या पोरांना भरती-ओहोटी समजावून सांगायची वेळ यावी, याचं मला वाईट वाटतं.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या वाडीतला एक म्हातारा पाग खांद्यावर टाकून सकाळी माझ्या दारात आला. हातात बादली होती. बादलीत बोय आणि शेंगटी, तोंडं उघडी पडलेली, कल्ले फाकलेले. पाण्यातला प्राणवायू संपला की मासा असाच मरतो, वर येऊन तोंड वासून. पागात आलेले नव्हतेच ते, काठावर पडलेले उचलून आणले होते. विकायला आणले नव्हते, मला दाखवायला आणले होते. म्हणाला, "मास्तर, तिकडं तुमचीच पोरं आहेत ना?"

मी काय उत्तर द्यायचं होतं? सांगा.

माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीनं 2011 साली अहवाल दिला. लोट्याच्या वसाहतीत 11,000 लोकांना रोजगार मिळाला आणि प्रदूषणामुळे मासेमारीवर जगणाऱ्या 20,000 जणांचा रोजगार गेला, असं त्यात नोंदवलं आहे. कारखाने बंद करा असं मी म्हणत नाही. तुमच्या पगारावर तुमची घरं चालतात, तुमच्या पोरांच्या फिया भरल्या जातात, याचा मला आनंदच आहे. पण वजाबाकी तुम्हाला येते. नोकरी देणारा धंदा शेजाऱ्याची नोकरी काढून घेत असेल, तर त्याला विकास म्हणायला मी तयार नाही.

"सर, सीईटीपी आहे की," असंही तुम्ही म्हणालात. आहे. ते सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र कशावर चालतं हे आठवतं का? जिवाणूंवर. चुन्यानं आम्लता मारायची, गाळ खाली बसवायचा, मग हवा सोडलेल्या टाकीत जिवाणूंनी उरलेली सेंद्रिय घाण खायची. हे जीव नाजूक असतात. एका कारखान्यानं रात्री तीव्र आम्ल किंवा विषारी सॉल्व्हंट न सांगता सोडलं, तर टाकीतले जिवाणू मरतात आणि ती टाकी पुन्हा कामाला लागायला कित्येक दिवस जातात. त्या दिवसांत ज्या कारखान्यानं इमानदारीनं पूर्वप्रक्रिया केली, त्याचंही पाणी अर्धवट प्रक्रिया होऊनच बाहेर पडतं. सामायिक म्हणजे काय, ते यात आलं. एकाची चोरी सगळ्यांच्या माथी. तुम्ही एकाच वसाहतीत वीस-वीस वर्षं नोकऱ्या करता, एका बसनं जाता, एकमेकांच्या लग्नकार्यांना जेवता. पण आज आपल्या प्लांटमधून काय येणार आहे, हे शेजारच्या प्लांटला सांगत नाही. 5 जूनला, पर्यावरणदिनी, एकत्र झाडं लावून फोटो काढता, त्याला तुमच्या कंपन्या सहकार्य म्हणतात. मी त्याला सहकार्य म्हणणार नाही.

पण सांडपाण्याची प्रक्रिया ही फार पुढची गोष्ट झाली. पहिला प्रश्न असा, की घाण तयारच का झाली? 1992 साली रॉजर शेल्डन यांनी साधा हिशेब मांडला: एक किलो माल बनवताना किती किलो कचरा होतो? पाणी धरलं नव्हतं. तेलशुद्धीत किलोमागे साधारण 100 ग्रॅम. तुम्ही बनवता त्या फाइन केमिकल्समध्ये 5 ते 50 किलो. औषधांत 25 ते 100 किलो, कधी त्याहून जास्त. म्हणजे तुमचा कारखाना मुख्यतः कचरा बनवतो आणि जोडीला थोडा माल. तुमच्या स्वतःच्या प्लांटचा आकडा मी विचारला तेव्हा एकालाही सांगता आला नाही. उत्पादनाचे टन मात्र तोंडपाठ होते. मला सगळ्यात जास्त राग आला तो तिथं.

हे बदलता येतं. आयबुप्रोफेनची गोळी तुमच्या घरात असेल. ती बनवायची जुनी रीत सहा टप्प्यांची होती. कच्च्या मालातले जेमतेम 40 टक्के अणू औषधात उतरायचे, बाकी कचऱ्यात. 1992 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये तीन टप्प्यांच्या नव्या रीतीचा कारखाना सुरू झाला. त्यात 77 टक्के उतरतात, आणि निघणारं अ‍ॅसेटिक आम्ल परत वापरलं तर हिशेब 99 टक्क्यांवर जातो. गोळी तीच. बदलली ती डोक्यातली वाट.

तसं डोकं आपल्याकडे नाही असं म्हणू नका. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयसीटी, 1933 पासून रसायनतंत्र शिकवते आहे, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 पासून उभी आहे. तुमच्यापैकी किती जण आपली एखादी अडलेली प्रक्रिया घेऊन तिथं गेले? एकाचं वापरलेलं सल्फ्युरिक आम्ल दुसऱ्याचा कच्चा माल होऊ शकतं. 2016 च्या घातक कचरा नियमांतला नववा नियम त्यासाठीच आहे. परवानगी काढावी लागते, कागद फिरतात, कबूल. पण डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्गच्या कारखान्यांनी 1972 पासून एकमेकांचा वायू, वाफ, गरम पाणी, जिप्सम घ्यायला सुरुवात केली ती शेजारधर्मातून आणि चोख हिशेबातून. तुमच्यात शेजारधर्म आहे, हिशेबही येतो. मग अडलंय कुठं?

"मालक ऐकत नाही" हे उत्तर मला देऊ नका. तुमच्यातले दोघे प्लांट इन्चार्ज आहेत, एक जण कारखान्यातली सांडपाणी प्रक्रिया (ईटीपी) सांभाळतो. व्हॉल्व्ह कुणाच्या हातात असतो हे मला ठाऊक आहे. लॉगबुकात खरा पीएच लिहायला मालकाची परवानगी लागत नाही. लागत असेल, तर तसं मला येऊन सांगा. मी तुमच्याबरोबर मालकाच्या केबिनमध्ये येईन. या वयातही येईन.

येत्या अमावास्येला मोठी ओहोटी असेल. अंजनवेलच्या जेटीवर या, सगळे या. पेढे नकोत. प्रत्येकानं आपल्या प्लांटचा एक आकडा कागदावर लिहून आणायचा: एक किलो मालामागे किती किलो कचरा. बादलीवाला म्हातारा तिथं असेल. तो आकडा त्याला तुम्ही वाचून दाखवायचा आहे.